पौर्णिमेआधीची होडी

आमची पलटण तेव्हा वझिरीस्तानात, सरहद्दीवरच्या एका ठाण्यात होती. साल एकोणीसशे तीसच्या आगेमागे. मी नाईक, सिग्नल सेक्शनला. माझ्या हाताखाली लान्स नाईक जोमा. दोघे एकाच मुलखातले. माझं गाव बोर्ली पंचतनच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं. त्याचं घर तिथून तासाभराच्या वाटेवर, समुद्राकाठच्या कोळीवाड्यात. पलटणीत कोळी तो एकटाच. भरती करणाऱ्या हवालदाराने त्याची छाती मोजली, दंड दाबून बघितले आणि खुशीत जात विचारायचं विसरला, असं जोमा स्वतःच सांगायचा.

ठाण्यावरचं आयुष्य घड्याळाला बांधलेलं. उजाडायच्या आत स्टँड-टू, म्हणजे बंदुका घेऊन मोर्च्यावर उभं राहणं. मग चहा. मग रोड प्रोटेक्शन. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर पिकेट, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, चढायच्या, खालून उंट आणि लॉऱ्या जायच्या, आणि दिवस मावळायच्या आत सगळे काटेरी तारेच्या आत. पठाणांनी गोळी झाडली तर दिवस मोठा वाटे. नाही झाडली तर त्याहून मोठा.

मला त्या वयात विचार करायची खोड होती. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलो होतो, मिळेल ते छापील वाचत होतो, आणि देवावरचा माझा विश्वास हळूहळू उडाला होता. उरलासुरला सरहद्दीने उडवला. समोरचे लोक अल्लाचं नाव घेऊन गोळी झाडत, आम्ही आमच्या देवाचं. माणसं दोन्हीकडे पडत, आणि कोण पडला, कोण वाचला, यात मला काही शिस्त दिसेना. हे मी सेक्शनमध्ये मोठ्याने बोलत असे. मंदिर परेडला मात्र वेळेवर हजर. देव मानायचा की नाही हे माझ्या हातात होतं, परेडला जायचं की नाही हे नव्हतं.

जोमा माझ्या उलट. तो खंडोबाला मानी, वाड्यावरच्या देवीला मानी, समुद्राला तर मानीच, आणि सरहद्दीवर रस्त्याकडेला एका पिराची कबर होती तिलाही जाता-येता हात जोडी. मी त्याला चिडवलं तर म्हणे, "हा मुलूख त्याचा हाय. आल्यागेल्यानं सांगून जावं. त्यात आपलं काय जातं?"

सिग्नलचं काम उन्हात आरशाने, म्हणजे हेलिओने, चाले, ऊन नसलं की झेंड्यांनी. तो टेकडीवरच्या पिकेटला, मी खाली ठाण्यात. लाइन चालू आहे का बघायला दर थोड्या वेळाने काहीतरी पाठवावं लागे. एका दुपारी मी आरशावरून विचारलं, "देव आहे का?" टेकडीवरून लखलखत उत्तर आलं, "आहे. जेवलास का?" आमच्या ॲडज्युटंट साहेबाने हे चमकणं बघितलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं. संदेश रोमन अक्षरांत पण मराठीत होता, त्यामुळे मी छातीठोकपणे "लाइन टेस्ट, सर" म्हणालो. खोटंही नव्हतं ते.

त्या वर्षी आम्हाला दोघांना एकदमच रजा मिळाली. मी लावणीसाठी मागितली होती, जोमाने नारळी पौर्णिमेसाठी. कंपनी कमांडर साहेबाने विचारलं, हा कसला सण? जोमा अटेन्शनमध्ये म्हणाला, "साहेब, त्या दिवशी समुद्राचं गेट उघडतं." साहेब हसला आणि सही केली.

हे गेट म्हणजे काय ते आतल्या मुलखातल्या वाचकांसाठी सांगतो. पावसाळा लागला की आमच्या किनाऱ्यावर समुद्र बंद. होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारून ठेवतात. श्रावणातल्या पौर्णिमेला सगळा कोळीवाडा नटूनथटून, वाजतगाजत किनाऱ्यावर येतो, मानाचा सोनेरी नारळ समुद्राला अर्पण होतो, आणि मग होड्या लोटतात. त्याआधी कोणी होडी पाण्यात घालत नाही. त्या वर्षी नारळाचा मान जोमाच्या बापाकडे, धर्मा तांडेलकडे होता.

पावसात आगबोटी बंद असतात. आम्ही मुंबईहून लाँचने रेवसला उतरलो आणि पुढे खाड्या ओलांडत, चिखल तुडवत पायी गावाकडे गेलो. मी लावणी उरकली. बायकोने तोंडभर कौतुक केलं, कारण पलटणीच्या शिस्तीने मी रोपं एका रेषेत लावली होती. पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली तेव्हा मी जोमाकडे निघालो. कारण विचाराल तर त्याच्या आईच्या हातचं सुकटाचं कालवण. सोबत आमच्या गावचे पेन्शनर सुबेदार साहेब निघाले. मोठा भारदस्त माणूस. मेडलं लावल्याशिवाय ते शेताच्या बांधावरही जात नसत.

आम्ही कोळीवाड्यात पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. अंगणात पाट मांडलेले होते. हातपाय धुतले, तेवढ्यात किनाऱ्याकडून ओरडा झाला. न्याहारी तशीच टाकून सगळे धावलो.

समोर, खाडीच्या तोंडाशी जे काळे खडक आहेत, त्यांच्यावर एक फत्तेमारी, मालाचं शिडाचं गलबत, चढली होती. डोलकाठी मोडून अर्धी उरलेली. लाटा तिच्या अंगावरून जात होत्या आणि पाणी उतरलं की माणसं दिसत होती, काठाला चिकटून बसलेली. गलबत मुसलमान नाखव्याचं, कौलं भरून मुंबईला निघालेलं. पौर्णिमेच्या आधी निघू नये हा नियम त्यांचाही. पण हंगामाचा पहिला माल आपला असावा म्हणून नाखव्याने घाई केली होती. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की भरती चढते आहे, आणि फार वेळ ती माणसं तिथे टिकत नाहीत.

वाड्यातली माणसं वाळूवर गोळा झाली होती. दोन-तीन जवान गडी होडीवरची झापं काढायला लागले होते. धर्मा तांडेल मात्र हात बांधून उभा होता. मी पुढे झालो.

"तांडेल, होडी काढा."

"पुनव झाली न्हाय."

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मला विचार करायची खोड होती हे सांगितलंच आहे. मी म्हणालो, "माणसं बुडतायत आणि तुम्ही तिथी बघताय? समुद्राला काय कळतं? पाणी ते पाणी. हे सगळं खूळ आहे!"

माझ्या या भाषणाचा परिणाम असा झाला की जे होडीवरची झापं काढत होते तेही थांबले.

तांडेल रागावला नाही. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. खडकाकडे बघत म्हणाला, "नाईक, मी दर्याला भीत न्हाय. ह्या वाड्याला भितो. ह्यांचं वर्ष माझ्या हातातल्या नारळावर हाय. मी आज होडी घातली, आणि उद्या जाळी रिकामी आली, कुणाचा घरधनी बुडाला, तर ह्या समद्या बाया माझ्या दाराकडं बोट दाखवतील. काय सांगू त्यांना? नाईक म्हनला, पानी ते पानी?"

तो खरं बोलत होता, आणि खडकावरची माणसंही खरी होती.

तेवढ्यात जोमा पुढे आला. त्याने सदरा काढून ठेवला होता.

"बाबा, नारळ घरात हाय ना?"

"हाय."

"मग आज पुनव."

"पोरा, आज दशमी का एकादशी..."

"ती भटाच्या पंचांगात. पंचांग भटाकडं असतंय, दर्याकडं न्हाय. दर्या नारळ वळखतो. नारळ आला का तो समजेल, पुनव झाली."

हे तो चेष्टेने बोलत नव्हता. त्याला ते मनापासून तसंच वाटत होतं. गर्दीतली एक म्हातारी पहिल्यांदा हसली, मग म्हणाली, "व्हय रे, खरंच बोलतो पोरगा." तांडेलने मुलाकडे बघितलं, मग वाड्याकडे. कोणी नाही म्हणालं नाही. मी इतका हुशार, पण मला त्या माणसांना एक पाऊल हलवता आलं नव्हतं. जोमाने त्यांच्याच देवाच्या वाटेने त्यांना पाण्यापर्यंत नेलं.

"मग आज पुनव," तांडेल म्हणाला, आणि धावला.

जोमाची आई नारळ घेऊन आली. सोनेरी कागद अर्धाच लावून झाला होता. तांडेल होडीचा दोर सोडत होता, म्हणून तिने तो जवळ उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या, म्हणजे सुबेदार साहेबांच्या हातात दिला. साहेबांचा जन्म पलटणीत गेला. मोहिमेआधी नारळ हातात आला की काय करायचं हे त्यांच्या हाडांना ठाऊक होतं. त्यांनी मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि नारळ समोरच्या दगडावर खाडकन फोडला.

सगळा किनारा त्यांच्याकडे वळला. दर्याचा नारळ फोडत नाहीत. तो अख्खा पाण्यात सोडतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सुबेदार साहेब भातशेतीच्या गावचे. त्यांच्या हातात नारळाची दोन भकलं, मनगटावरून पाणी ओघळतंय, आणि आपण काय केलं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

जोमाच आधी हसला. "साहेब, आमचा दर्या काय बोळका हाय? अख्खा चावला असता त्यानं!"

मग बायका हसल्या, आणि त्या हसण्याने जीव भांड्यात पडला. तांडेलने एक भकल ओढून घेतलं आणि पाण्यात सोडलं. दुसरं फोडून होडीतल्या गड्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. "अर्धा त्याला, अर्धा आपल्याला. चला." माझ्याही हातात तुकडा आला. मी खाल्ला. भूकही लागली होती.

मला होडीत घेतलं नाही. वल्ह्याला मी उपयोगाचा नव्हतो. पण जोमाने एका वाक्यात माझं काम ठरवलं. "होडी लाटेच्या खळग्यात गेली का आम्हाला खडक दिसणार न्हाय. तू टेकाडावर चढ. तुला वरून वाट दिसंल. डावा-उजवा दे. मी वाचतो."

"झेंडे कुठायत?"

"देवळावर हायत की. देवीचे हायत, नीट हलव."

देवीच्या देवळावरची दोन लाल निशाणं मी काठीसकट उपटली आणि टेकाडावर चढलो. देव न मानणारा नाईक देवीची निशाणं घेऊन पळतोय हे बघून वाड्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. रंग चांगला उठून दिसत होता.

होडी लोटली. सुकाणूवर तांडेल, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, जोमा, तोंड माझ्याकडे. वरून मला सगळं दिसत होतं, कुठे लाट फुटते, कुठे पाणी काळं आणि खोल आहे. मी निशाणं पसरून अक्षरं द्यायला लागलो.

"डावा."

जोमाने एक हात वर केला. समजलं. मग बापाला ओरडला. होडी वळली.

"डावा. अजून."

हात वर.

"थांबा. मोठी येते."

हात वर. होडी लाटेवर चढली, नाळ आभाळाकडे झाली, मग ती दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली तेव्हा जोमा एका हाताने काठ धरून दुसऱ्याने मला इशारा करत होता: "पुढे बोल." मला हसू आलं. सरहद्दीवरही लाइन तुटली की तो अगदी असाच वैतागायचा.

"उजवा. आता सरळ. जोर."

ते खडकाच्या आडोशाला पोचले. दोर फेकला गेला. एकेक माणूस दोराने होडीत यायला लागला. मी मोजत नव्हतो. शेवटी म्हातारा नाखवा उरला. त्याने स्वतःला मोडक्या डोलकाठीशी बांधून घेतलं होतं आणि ओल्या गाठी त्याला सुटेनात. जोमा गलबतावर चढला. सुरीने दोर कापला, म्हाताऱ्याला काखेत धरलं आणि बापाच्या हातात दिलं. त्याच वेळी लाट आली. दोर तुटला आणि होडी खडकापासून लांब फेकली गेली. ती काठोकाठ भरली होती, पाणी आत येत होतं. तिला परत वळवणं म्हणजे सगळ्यांना बुडवणं.

जोमा मोडक्या डोलकाठीला टेकून उभा राहिला. डोक्याचा रुमाल सोडून त्याने हाताला बांधला आणि झेंड्यासारखा हलवत मला लिहिलं.

"होडी भरली. जाऊ दे. दुसऱ्या खेपेला येतो."

मी कळवलं, समजलं.

"बाबाला सांग, घाई नको."

समजलं.

होडी किनाऱ्याला लागली. बायकांनी कमरेइतक्या पाण्यात जाऊन माणसं ओढून घेतली. मी वरून ओरडून निरोप दिला. तांडेलने मान हलवली आणि होडीतलं पाणी उपसून होतंय न होतंय तोच परत लोटली. आता तिथी कोणी विचारली नाही. दुसरे ताजे गडी चढले, सुबेदार साहेबसुद्धा मेडलांसकट चढायला निघाले, त्यांना धरून ठेवावं लागलं.

मी लिहिलं, "होडी निघाली."

जोमाने हात वर केला.

मग जी लाट आली ती वेगळी नव्हती. आधीच्यासारखीच होती. फक्त फत्तेमारी आता थकली होती. ती एका कुशीवर कलली, कौलांचा सगळा भार एका अंगाला गेला, आणि पाणी उतरलं तेव्हा खडकावर काही नव्हतं.

मी निशाणं हलवत राहिलो. "कुठे आहेस. कळव." पुन्हा तेच. "कुठे आहेस. कळव." होडी तिथे पोचली, फिरली, पुन्हा फिरली. मी हात खाली घेतले नाहीत. उत्तर मिळणार नाही हे मला सिग्नलर म्हणून ठाऊक होतं. तरी विचारत होतो.

जोमा सापडला नाही. तांडेल दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही शोधत होता.

त्यानंतर वाड्यात कुजबुज झाली, होणारच होती. दर्या आधी उघडला. नारळ फोडला. सुबेदार साहेबांच्या कानावर ते गेलं. ते तांडेलच्या अंगणात आले, पहिल्यांदाच मेडलांशिवाय, आणि डोक्यावरचा फेटा काढून म्हणाले, "तांडेल, चूक माझ्या हातून झाली." तांडेलने त्यांना पाट दिला. मग जमलेल्या लोकांना मोठ्याने म्हणाला, "नारळ फोडला म्हणून पोर गेला म्हनता ना? मग तोच नारळ अर्धा खाऊन एवढी मानसं जिती आली, त्याचं काय? बोला की." मग घराकडे वळून म्हणाला, "आणि साहेबांना च्या द्या."

खऱ्या पौर्णिमेला तांडेलने दुसरा नारळ घेतला. मी त्याच्या शेजारून चालत होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, या वेळी हलक्या आवाजात, "तांडेल, तुम्हाला समुद्राचा राग नाही येत?"

"येतो तर. माझं त्याच्याशी भांडण हाय. मरेपर्यंत ऱ्हाणार."

"मग नारळ कशाला देता?"

तो चालायचा थांबला. "भांडलो म्हणून बोलणं टाकू? माझा पोर त्याच्याकडं हाय."

आणि गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने नारळ सोडला, लेकीच्या सासरी काही पाठवावं तसा, दोन्ही हातांनी, जपून.

हे ऐकून नाईकाला देव सापडला असेल, असं लोकांना वाटतं. परवा शाळेतल्या मास्तरांनीही तसंच विचारलं. नाही सापडला. माझं मत होतं तेच आहे. पण त्या दिवसापासून मी कोणाच्या पूजेला खूळ म्हणालेलो नाही. रजा संपली, मी ठाण्यावर परत गेलो. टेकडीवर दुसरा सिग्नलर आला होता. चांगला होता, चुका करत नसे, कामाशिवाय एक अक्षर पाठवत नसे. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होई.

पलटणीने आपल्या पडलेल्या जवानांची नावं दगडावर कोरली आहेत. त्यात जोमाचं नाव नाही. तो रजेवर होता, शत्रूसमोर नव्हता. नियम नियम असतो, माझी त्यावर तक्रार नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो: लान्स नाईक जोमा, सिग्नल सेक्शन, धर्मा तांडेलचा मुलगा. आपली जागा दुसऱ्याला देऊन गेला.

मी आता पेन्शनर आहे. दर श्रावणात, पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी, आम्ही त्या टेकाडावर जमतो. म्हातारा नाखवा येतो, हात पसरून फातिहा पढतो. तांडेल आणि जोमाची आई फुलं आणतात. मी फेटा नीट बसवतो, टाचा जुळवतो आणि सॅल्यूट करतो, कारण मला दुसरं काही येत नाही. समोर नुसतं पाणी असतं. तिथे कोणी नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हात वर जातो, आणि खाली घ्यायचा हुकूम द्यायला कोणी नसल्यामुळे बराच वेळ तिथेच राहतो.